रत्नागिरी जिल्ह्यातील ऐतिहासिक घाटवाटा

रत्नागिरी जिल्ह्यातील ऐतिहासिक घाटवाटा म्हणजे कोकणातील बंदरांना सह्याद्रीपलीकडील देशाशी जोडणारे जुने डोंगरी मार्ग होत. चिपळूण-पाटण दरम्यानचा कुंभार्ली, साखरपा-मलकापूर दरम्यानचा आंबा आणि राजापूरकडून घाटमाथ्यावर जाणारा अणस्कुरा हे त्यांपैकी प्रमुख घाट आहेत.

हंगाम

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात ओढ्यांना पूर येत, वाटा निसरड्या होत आणि दरडी कोसळत. वादळी समुद्रामुळे बंदरेही बंद असत. उत्तर ध्रुववृत्तालगतच्या डोंगराळ मुलखात नद्या गोठल्यावर हिवाळी वाहतूक सुरू होई. सह्याद्रीत ती नदीनाले ओसरल्यावर सुरू होई. घाट व बंदरे साधारण एकाच वेळी खुली होत असल्यामुळे प्रवासाचा मुख्य हंगाम हिवाळा व उन्हाळा हाच होता.

व्यापार

अरुंद, चढणीच्या वाटांवर गाड्या चालत नसत. लमाण व वंजारी यांचे बैलांचे तांडे पाठीवर गोणी लादून मालाची ने-आण करीत. मीठ, सुकी मासळी, नारळ व सुपारी वर जाई. धान्य, गूळ व कापूस खाली येई. पावसाळ्यासाठी लागणारे धान्य कोकणात घाट बंद होण्यापूर्वीच साठवावे लागे.

लष्करी महत्त्व

आंबा व अणस्कुरा या घाटांवर विशाळगडावरून लक्ष ठेवता येई. शत्रूच्या हालचालींसाठीही कोरडा हंगामच सोयीचा असे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुघल सरदार मुकर्रबखानाने कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराजांना कैद केले. याउलट, जुलै १६६० मध्ये ऐन पावसात छत्रपती शिवाजी महाराजांनी पन्हाळ्याहून विशाळगड गाठला. त्या वेळी बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढवली. पावसाळ्यातील अशी मोठी हालचाल हा अपवाद होता.

सद्यस्थिती

आंबा व कुंभार्ली घाटांतून आता राष्ट्रीय महामार्ग जातात. अणस्कुरा घाटातही मोटाररस्ता आहे. तेथे जुन्या फरसबंद वाटेचे अवशेष दिसतात. वापर थांबल्यामुळे अनेक पायवाटा झाडोऱ्यात लुप्त होत आहेत. पक्के रस्ते झाले तरी पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक खंडित होते.