वकीलसाहेबांचं तळं आणि बिनपासपोर्टचा हंस

कुंभारगावात आम्ही पहाटेच नावेत बसलो होतो. थोडं आत गेल्यावर नाववाल्या काकांनी मोटर बंद केली, बांबू चिखलात रोवला आणि ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या बेटावर पन्नासेक करडे हंस! डोकं पांढरंशुभ्र आणि मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, कुणी ब्रशने ओढावेत तसे. हा पट्टकदंब. फोटो सगळे गुलाबी रोहितचेच काढतात. पण खरा पैलवान हाच!

हे पाणी उजनी धरणाचं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरत पार आपल्या इंदापूर तालुक्यात आलंय. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर.

हे यशवंत म्हणजे यशवंतराव चव्हाण, बारामतीच्या शरद पवारांचे राजकारणातले गुरू. जन्म 1913 चा, गाव देवराष्ट्रे. वडील लवकर गेले. आई विठाईंनी मुलांना वाढवलं. शाळेत गुरुजींनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळक म्हणालं, कुणी आणखी कुणी. हा पठ्ठ्या म्हणाला, मी यशवंतराव चव्हाणच होणार! स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगला, त्यामुळे शिक्षण लांबलं. 1941 मध्ये पुण्यात वकिलीची परीक्षा पास झाले. कराडात वकिली सुरू होते न होते तोच 'चले जाव'ची चळवळ पेटली. मग कसली वकिली!

1960 मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं आणि पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक कौतुकाने म्हणू लागले. पुढे गृह, अर्थ आणि 1974 मध्ये परराष्ट्र खातं. तोवर भारत आणि चीन यांनी एकमेकांकडे राजदूत पाठवणं कधीच थांबवलं होतं. सुमारे 15 वर्षांनी, 1976 मध्ये, ते पुन्हा पाठवायचं ठरलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री हेच होते.

आणि पट्टकदंब? माणसांचं भांडण चालू असतानाही तो तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात भारतात येतच होता. ना पासपोर्ट, ना व्हिसा!

सात हजार मीटरच्याही वर उडताना त्याची नोंद झाली आहे. तिथे आपल्याला मिळतो त्याच्या निम्माही ऑक्सिजन नसतो. आपण चार पावलांत धापा टाकू. मग हा पंख कसे मारतो? गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन झटकन पकडतं. फुप्फुसं मोठी, श्वास खोल. उडायच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. शिवाय गडी हुशार! चढाई बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे करतो. थंड हवा दाट असते, पंखांना टेकू मिळतो.

"होळीच्या सुमाराला निघतात हे," काका पुटपुटले. तेवढ्यात एका हंसाने मान ताठ केली, आमच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा गवत ओरबाडायला लागला. काकांनी मोटर लावलीच नाही. बांबूनेच नाव मागे ढकलली.