या दिवाळीला पोरांना किल्ला भेट द्या

लोणावळ्यातल्या आईबाबांनो, सुट्टीत लहानग्यांना रिमोटची गाडी आणण्याआधी एक सुचवू का? पुण्याची लोकल पकडा आणि पुढच्याच स्थानकावर, मळवलीला उतरा. लहान मुलांना तर लोकलची खिडकीसुद्धा पुरते!

तिथून चालत भाजे गाव. पायऱ्या चढल्या की 2000 वर्षांहून जुनी लेणी. एका ठिकाणी तब्बल 14 स्तूप आहेत. ते मुलांनाच मोजू द्या. चैत्यगृहात मान वर करून छताच्या लाकडी कमानी जरूर दाखवा.

पोरं जरा मोठी असतील तर लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत वर जायचं, मग विंचूकाट्याची लांबलचक सोंड बघायची. 2025 मध्ये हा गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आपल्या मावळातला! पाणी आणि खाऊ बरोबर घ्या, उन्हाआधी निघा.

घरी आल्यावर अंगणात माती कालवा. माझ्या लेकीने गेल्या वर्षी किल्ल्याला चार दरवाजे केले, विंचूकाटाही काढला. अळीव पेरले, मावळे मांडले. त्या वर्षी तिने दुकानातलं काहीच मागितलं नाही.