शेडेड लोकरीचा हिशेब

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथला पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा २७च्या आसपास जातो. अशा हवेत डोक्यातून घालायचा जाड स्वेटर अडचणीचाच. तिथे कामाचा असतो तो पुढून उघडा, बटणांचा कार्डिगन. सकाळी अंगात, अकरा वाजता खुर्चीच्या पाठीवर. लोकरीऐवजी सुती किंवा सूत-अ‍ॅक्रिलिक मिश्र धागा घेतला तरी चालतो. मात्र सुती धागा जड असतो आणि लोकरीसारखा ताणून परत येत नाही, म्हणून तो अंगाबरोबर जरा घट्टच विणावा. कार्डिगन विणायला घेणाऱ्याला दुकानात सर्वांत आधी भुरळ पडते ती शेडेड लोकरीची. एकाच गुंड्यात पाच-सहा रंग, नवा धागा जोडायला नको, पट्टे आपोआप पडणार! माझे म्हणणे एवढेच, की या 'आपोआप'मध्ये फसगत आहे. सुयांचे काम कमी होते, डोक्याचे वाढते.

कारण साधे आहे. पाटणच्या पटोळ्याचा विणकर धागा बांधून रंगवतो, तेव्हा कापडाची रुंदी त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून रंग नेमक्या जागी येऊन बसतो. शेडेड लोकर रंगवणाऱ्याला मात्र तुमच्या पाठीचे माप माहीत नसते. त्याने ठरवलेली असते फक्त रंगाची लांबी. साध्या सुलट विणीत एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. समजा, एक रंग १२ मीटर चालतो. पाठ ५० सेंटिमीटर रुंद असेल, तर एका ओळीला दीड मीटर आणि त्या रंगाच्या ८ ओळी. पुढचा भाग २५ सेंटिमीटरचा, म्हणजे तोच रंग १६ ओळी टिकणार. एकाच गुंड्यातून पाठीवर बारीक रेघा आणि छातीवर दुप्पट रुंद पट्टे! रंग दर हात-दीड हातावर बदलणारी लोकर असेल तर पट्टेही पडत नाहीत. ओळीची आणि रंगाची लांबी जुळली की एकाच जागी रंग साचून डबकी दिसतात. त्यावर उपाय दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणण्याचा.

कोणी म्हणेल, ही अनियमितता हीच तर मौज. बंद स्वेटरात ते मान्य. कार्डिगनला मधोमध फट असते, दोन्ही बाजू शेजारी येतात आणि डोळा आपसूक तुलना करतो. डावीकडे हिरवा आणि उजवीकडे जांभळा आला, तर ती मौज वाटत नाही, हिशेब चुकलेला वाटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मग वेगवेगळ्या रंगांचे गुंडे घेऊन स्वतःच पट्टे का पाडू नयेत? जरूर पाडावेत. पण प्रत्येक बदलाला धाग्याची दोन टोके मागे आत ओवून लपवावी लागतात, आणि हे काम विणण्याहून कंटाळवाणे असते.

माझ्या मते गळ्यापासून खाली एकसंध विणलेला रॅग्लन (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडाच्या बाह्यांचा प्रकार) या लोकरीला सर्वांत मानवतो. ओळ हळूहळू रुंदावते, तसे पट्टे हळूहळू बारीक होतात आणि ते मुद्दाम केल्यासारखे दिसतात. पाठ व पुढचे भाग एकत्रच चालल्याने पट्टाही तुटत नाही. बाह्या वेगळ्या झाल्या की मात्र ओळ एकदम आखूड होते. बाह्यांना त्याच रंगांपैकी एका रंगाची साधी लोकर लावणे उत्तम. भाग सुटे विणायचेच असतील, तर दुसरा पुढचा भाग पहिल्याच्याच रंगापासून सुरू करावा लागतो आणि तोवरची लोकर बाजूला काढावी लागते. म्हणून मापापेक्षा एक गुंडा जास्त घ्या, आणि तोही त्याच लॉटचा, म्हणजे बाकीच्यांबरोबरच रंगवलेला.