पत्ता खोटा, लायसन्स खरे?

वर्षावासात दर रविवारी वंदना झाली की आमच्या विहाराच्या ओट्यावर आम्ही दोघे-तिघे फॉर्म भरून द्यायला बसतो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा जातीचा दाखला. अशाच एका रविवारी एक आई आपल्या पंचविशीतल्या मुलाला घेऊन आली. "जयभीम भाऊ," ती म्हणाली, "पोराचं लायसन रद्द केलंय. दोन महिने झाले, घरी बसलाय. त्यानं कुणाला गाडी ठोकली नाय, दारू पीत नाय. मग का?"

मुलगा दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवीत होता. कागद पाहिले तेव्हा उलगडा झाला. हे कुटुंब गोवंडीला भाड्याच्या खोलीत राहते. लाईटबिल मालकाच्या नावे, आणि भाडेकरार करून द्यायला मालक तयार नाही. चार वर्षांपूर्वी लायसन्स काढताना एजंटाने सांगितले, "पत्त्याचं माझ्यावर सोड." मुलुंडच्या एका इमारतीतल्या खोलीचा भाडेकरार त्याने मुलाच्या नावाने तयार करून जोडला. ती इमारत मुलाने आजवर पाहिलेली नाही. लायसन्सचे कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर गेले आणि एजंटाच्या माणसाने ते घेऊन याच्या हाती दिले. पुढे त्या एजंटाच्या कागदांची चौकशी झाली. एकाच खोलीच्या पत्त्यावर बरेच अर्ज निघाले. आरटीओने नोटीस काढली, ती मुलुंडला गेली आणि या नावाचे येथे कोणी राहत नाही असा शेरा घेऊन परत आली. मुलाला हे कळले ते बॅजच्या कामासाठी खिडकीवर गेला तेव्हा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ मध्ये लायसन्स रद्द करण्याची कारणे दिली आहेत. दारूचे व्यसन, गाडीचा गुन्ह्यासाठी वापर, बेदरकारपणा ही त्यातली काही. फसवणुकीने किंवा खोटी माहिती देऊन लायसन्स मिळविणे हेही त्याच यादीत आहे. म्हणजे गाडी कितीही चांगली चालवा, लायसन्सचा पायाच खोटा असेल तर अधिकारी ते रद्द करू शकतो. मात्र त्याच कलमात असेही आहे की आधी लायसन्सधारकाला आपले म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. आपल्या बाजूचा हा मोठा हक्क. पण नोटीस जायची ती कागदावरच्या पत्त्यावर. खोटा पत्ता देणाऱ्याने आपला हा हक्क स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या दारात टाकलेला असतो.

आईचा पुढचा प्रश्न होता, "खोटं एजंटानं केलं, शिक्षा माझ्या पोराला का?" कारण अर्जाच्या तळाशी, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असे प्रतिज्ञापन असते आणि त्याखाली सही मुलाची असते. एजंटाची सही कुठेच नसते. मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाकडे देतो. मग त्या कागदावर तो काय लिहितो हे आपण पाहतही नाही.

लायसन्स जाणे ही झाली एक बाजू. फौजदारी बाजू वेगळी आहे. सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७७ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो कलम २१२ खाली येतो. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड एक हजाराचा होता. त्या तारखेआधी घडलेल्या गोष्टीला जुनाच कायदा लागतो. पण खोटा भाडेकरार किंवा खोटे लाईटबिल जोडले की बनावट दस्तऐवजाची कलमे लागू शकतात. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्यालाही बनविणाऱ्याइतकीच शिक्षा. कारकुनाकडे कागद सरकवताना हे कुणाच्या डोक्यात येते?

रद्द झालेल्या लायसन्सवर पोटासाठी गाडी काढाल तर आणखी फसाल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स गाडी चालविण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. अपात्र ठरविल्यानंतरही गाडी चालविली तर दंड दहा हजार. अशा माणसाच्या हाती रिक्षा देणारा मालकही सुटत नाही. आणि त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला पाहते. स्वर्णसिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने जखमींच्या बाजूने चांगला निर्णय दिला. लायसन्समध्ये दोष आहे एवढ्यावर कंपनीला सुटता येत नाही, मालकाचा निष्काळजीपणा तिने सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला तरी, आधी भरपाई द्या आणि मग ती मालकाकडून वसूल करा, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. एका रिक्षाच्या मालकाकडून लाखांची वसुली म्हणजे घर विकण्याचीच पाळी.

आता एक नाजूक गोष्ट. आपले लोक पत्ता खोटा देतात ते नेहमीच कागद नसतात म्हणून नव्हे. कधी पत्त्यात जात दिसते म्हणूनही देतात. पत्त्यावर बौद्धवाडा किंवा भीमनगर आले की समोरच्याची नजर कशी बदलते, हे घर भाड्याने शोधणाऱ्याला आणि नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याला विचारा. मी स्वतः तरुणपणी एका अर्जावर वस्तीचे नाव गाळून फक्त रस्त्याचे नाव लिहिले होते. पत्र आले, पण त्या सहीची लाज अजून वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींत फरक आहे. जिथे टपाल तुमच्या हाती पोहोचते तो पत्ता अपुरा असेल, खोटा नव्हे. ज्या घरात तुम्ही कधी राहिलाच नाहीत, तो खोटा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला, पण त्यातून नवा घोळ निघतो. रेशनकार्डावर जुने नाव, आधारवर नवे, लायसन्सवर तिसरेच. हा खोटेपणा नाही. जुनी वस्ती आणि नवी वस्ती एकच आहे असा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला काढून ठेवा आणि सगळीकडे नवे नाव करून घ्या. पुनर्विकासात चाळ पाडली आणि संक्रमण शिबिरात गेलात, तर जुना पत्ता दिला तेव्हा खराच होता. तो बदलून घेणे मात्र तुमच्यावर आहे. स्वतःच्या नावावर गाडी असेल तर पत्ता बदलल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते, कलम ४९ प्रमाणे.

ज्याच्याकडे कागदच नाही त्याने काय करावे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम ४ एजंट कधी सांगत नाही. इतर पुरावा देता येत नसेल आणि त्याला सबळ कारण असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र अधिकारी वयाचा व पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारू शकतो. गोवंडीच्या त्या खोलीचा खरा पत्ता अशा कागदावर लिहिता आला असता. प्रतिज्ञापत्रात मात्र खोटे लिहाल तर ते शपथेवरचे खोटे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने घरातल्यांना आधारवरचा पत्ता दुरुस्त करता येतो. बायकांनी हे आवर्जून करून घ्यावे. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारवरून घरबसल्या शिकाऊ लायसन्स निघते, आणि तिथे पत्ता आधारचाच उतरतो. तेव्हा सुरुवात आधारपासून करा. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायची सोयही केली, म्हणजे अमुक आरटीओच्या हद्दीतला पत्ता दाखवायची गरज उरली नाही.

आणि वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात येतात. महिलांनाही हा हक्क आहे. जिल्हा किंवा तालुका न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते, जातीचा दाखला घेऊन जावे.

त्या मुलाला आम्ही तिथेच नेले. लायसन्स रद्द झाल्याचा आदेश हातात मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. त्याच्या हातात आदेशाची प्रत पडली होती ती त्या रविवारच्या आठच दिवस आधी, म्हणून मुदत शिल्लक होती. चूक कबूल कशी करायची आणि एजंटाविरुद्ध तक्रार कोणत्या शब्दांत द्यायची, हे वकीलबाईंनीच ठरविले. आपल्या डोक्याने जबाब लिहू नका असे त्यांनी बजावले. सध्या तो एका गोदामात हमाली करतो. अपिलाची तारीख अजून लागायची आहे. या खेपेच्या अर्जावर पत्ता गोवंडीचा आहे, गल्ली आणि खोली नंबरासकट.