बॉनेटखालची एसटी

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, ही गोष्ट दर वर्धापनदिनाला सांगितली जाते. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याची आसने, तीस प्रवासी. एवढे सांगून झाले की आपण थेट आजच्या लाल परीवर येतो. त्या वेळच्या ताफ्यात दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. बेडफर्ड आणि शेवरलेट पेट्रोल पिणाऱ्या, तर सेडनच्या पोटात पर्किन्सचे डिझेल इंजिन. प्लग आणि कार्बोरेटर कळणारा मेकॅनिक वेगळा, इंजेक्टर कळणारा वेगळा. इंग्लिश गाडीच्या नटाला लागणारा पाना अमेरिकन गाडीला लागत नसे. एकीची क्लच प्लेट दुसरीला बसत नसे. सुटे भाग बोटीने येणार, तोवर गाडी आगारात उभी.

एसटीचा पुढचा सगळा प्रवास मला या दहा कंपन्यांच्या तावडीतून सुटण्याचा प्रवास वाटतो. गाव तिथे एसटी पोहोचली याचे श्रेय आपण रस्त्यांना देतो, चालक-वाहकांना देतो, आणि ते खरेच आहे. पण कोणत्याही आगारातला कोणताही फिटर समोर आलेली कोणतीही गाडी खोलून दुरुस्त करू शकत होता, हे श्रेय तितकेच मोठे आहे आणि त्याची दखल फारशी घेतली गेली नाही.

ही सुटका देशी कारखान्यांमुळे झाली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक-बसच्या चेसिस बाहेर पडू लागल्या. मद्रासला अशोक मोटर्समध्ये लेलँड आली आणि अशोक लेलँड उभी राहिली. परदेशी गाड्या एकेक करून निकाली निघाल्या. ताफ्यात उरली ती मुख्यतः दोनच घराणी, टाटा आणि लेलँड. पुढच्या कित्येक पिढ्यांनी आगारात हीच दोन नावे ऐकली.

चेसिस कंपनीची, बॉडी मात्र आपली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बॉडी बांधली जाई. नुसती चेसिस हायवेने येताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. ना काच, ना छप्पर. फळीवर बसलेला चालक, तोंडाला फडके, डोळ्यांना गॉगल, आणि समोर उघडे धडधडणारे इंजिन. कार्यशाळेत तिच्यावर सांगाडा चढायचा, पत्रा बसायचा, रंग लागायचा. लाकडी बॉडी गेली, पोलादी आली. पण कोकणच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजे, म्हणून १९६० मध्ये ॲल्युमिनियम आले. निळा-रुपेरी रंग जाऊन लाल आला तोही तेव्हाच.

आता बॉनेटखाली. टाटाच्या मॉडेलांचे आकडे आगारात सगळ्यांना तोंडपाठ. १२१० म्हणजे साधारण बारा टन एकूण वजनाची आणि शंभर अश्वशक्तीच्या आसपासची गाडी. १५१० म्हणजे तेवढ्याच दमाची, पण पंधरा टनांची. इंजिनाचा ६९२ हा आकडा म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर. पुढे बोअर ९७ मिलिमीटरचा झाला आणि इंजिन ६९७ झाले, सुमारे पावणेसहा लिटरचे. ना टर्बो, ना इलेक्ट्रॉनिक्स. श्वास साधा, जोर बेताचा, पण खालच्या गिअरात घाट चढायची चिकाटी मोठी. इंजिन चालकाच्या शेजारी, आतल्या बाजूला. गर्दी झाली की त्याच्या झाकणावर माणसे बसत. हिवाळ्यात पहाटेच्या गाडीला ती जागा हक्काची, मेमध्ये तिथे कुणी बसायला धजत नसे.

या इंजिनाचा स्वभाव समजायचा असेल तर ‘गाडीने एअर घेतली’ म्हणजे काय ते पाहायला हवे. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन गुरगुरून बंद पडते, कारण पंपाला डिझेलऐवजी बुडबुडे मिळतात. घाटाच्या पायथ्याशी अशी थांबलेली गाडी आणि तिचा चालक मी जवळून पाहिला आहे. त्याने झाकण उचलले, फिल्टरवरचा छोटा स्क्रू पान्याने दोन आटे सैल केला आणि अंगठ्याने हातपंप दाबू लागला. आधी नुसता फेस आला. मग फेसातून तुटक धार. बुडबुडे थांबून डिझेल सलग यायला लागले तसा स्क्रू आवळला, बोटे फडक्याला पुसली, स्टार्टर मारला. गाडी सुरू. ना आगाराला फोन, ना ब्रेकडाउन व्हॅनची वाट. मुक्कामी गाडी रात्री ज्या गावात थांबते तिथे मेकॅनिक नसतो. पहाटे तीच गाडी शाळेची पोरे आणि दवाखान्याची माणसे घेऊन निघायची असते. अशा गावांना त्या साध्या इंजिनाने किती आधार दिला, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

गिअरबॉक्सचीही तीच कथा. जुन्या गाड्यांना गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा नेमका ठोका, पुन्हा क्लच, मग गिअर. ठोका चुकला की दात कचकचले आणि अख्ख्या गाडीने मागे वळून पाहिलेच. सिंक्रोमेशचा पाच गिअरचा बॉक्स आला तसे हे कसब मागे पडले, हात हलके झाले. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा नियम मात्र टिकला. कुंभार्ली किंवा कशेडी उतरताना ब्रेक तापू न देता गाडी इंजिनावर धरून ठेवणारा चालक मला आजही थोर वाटतो.

१९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने निम-आराम गाड्या आल्या आणि तेच नाव त्यांना कायमचे चिकटले. या शतकाच्या सुरुवातीला शिवनेरीच्या रूपाने व्होल्वो आली. मागे इंजिन, हवेचे सस्पेन्शन, आणि वेग आवरणारा रिटार्डर. मुंबई-पुणे प्रवासाची कल्पनाच तिने बदलली. पण तिच्यापुढे आगाराचा पाना तोकडा पडला, लॅपटॉप लागू लागला.

साध्या गाड्यांपर्यंत हा बदल धुराच्या नियमांनी आणला. देशभर बीएस-तीन २०१० मध्ये, बीएस-चार २०१७ मध्ये, बीएस-सहा २०२० मध्ये. यांत्रिक पंपाच्या जागी कॉमन रेल आली, मग सेन्सर, मग सायलेन्सरमधली काजळी जाळणारी यंत्रणा आणि युरियाचे द्रावण. धूर कमी झाला याचे मला मनापासून समाधान आहे. स्थानकावर काळ्या धुरात उभे राहिलेल्या कुणालाही असेल. पण सेन्सर बिघडला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी जोर सोडते, आणि तिथे अंगठ्याचा काही उपयोग नसतो.

बॉडीचेही चक्र फिरले. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा चिरगुटासारखा फाटतो म्हणून माइल्ड स्टील परत आले. २०१८ ची विठाई बस त्याच बांधणीची.

मग दोन-तीन वर्षांत सगळेच एकदम आले. करोनात गाड्या थांबल्या, काही जुन्यांचे ट्रक होऊन मालवाहतुकीला लागले. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप झाला. एकेकाळी अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा आटला आणि उरलेला म्हातारा झाला. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी संपवण्याचा केंद्राचा नियम लागू झाला. आधी गाडी निकाली काढायची की नाही ते तिची अवस्था पाहून ठरे, आता तारीख ठरवते. नियम योग्यच आहे. पण नव्या गाड्या वेळेवर आल्या नाहीत आणि त्याचा भार आडगावच्या फेऱ्यांवर पडला, हे दुखते.

आता गाड्या येत आहेत. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. पुढे भाडेतत्त्वावर ५,१५० ई-बसचा करार झाला. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २,१०४ वायकिंगची ऑर्डर गेली. वायकिंग हे नाव १९७६ पासूनचे, पण आजची गाडी बीएस-सहा, सहा सिलिंडरची, १९७ अश्वशक्तीची. जुन्या १२१० च्या जवळपास दुप्पट ताकद. गाड्या महामंडळाच्या मालकीच्या, म्हणून मला त्यांचे अधिक कौतुक.

पण सगळा ताफा एकत्र पाहिला तर चित्र पुन्हा १९४८ सारखे दिसू लागते. जुने यांत्रिक पंप अजून काही उरलेले, बीएस-चार, बीएस-सहा, सीएनजी, बॅटरी. काही गाड्या स्वतःच्या, काही भाड्याच्या, ज्यांचे इंजिन किंवा मोटर आगाराच्या फिटरने उघडायचीच नाही. तेव्हा दहा कंपन्यांमधून दोनवर यायला एक पिढी गेली. या वेळी खरेदी करतानाच ठरवून टाकता येईल की मॉडेल मोजकी घ्यायची, कंपनीचे स्कॅनर आणि प्रशिक्षण विभागीय कार्यशाळेपुरते न ठेवता प्रत्येक आगारात पोहोचवायचे, आणि विजेच्या गाड्यांच्या करारातही आगारातल्या तरुण फिटरला बॅटरी आणि कंट्रोलर शिकायची जागा ठेवायची. पुढच्या निविदेत ही तीन कलमे घालायला हवीत.