कॉफीच्या मेजावरचे मिशनकार्य

ख्रिस्ती मिशनकार्य म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात प्रथम संस्था उभ्या राहतात : जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत सुरू केलेली आणि पुढे विल्सन महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेली शाळा, किंवा डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय. अशा संस्थांनी समाजाला फार मोठे देणे दिले. परंतु शिकवणारा आणि शिकणारा, उपचार करणारा आणि आजारी, अशी विभागणी त्यांच्या रचनेतच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही मंडळ्यांनी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायांनी, कॉफीगृह हेच मिशनचे ठिकाण मानले, तेव्हा ही विभागणी सैल झाली; कारण मेजाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सारख्याच उंचीच्या असतात आणि तेथे आलेल्या माणसाला गरजू म्हणून यावे लागत नाही.

या प्रयोगाचे सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण वॉशिंग्टन शहरातील आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे पाळक, म्हणजे धर्मसेवक, म्हणून काम केलेले गॉर्डन कॉस्बी आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी युद्धानंतर तेथे ‘चर्च ऑफ द सेव्हियर’ ही छोटी मंडळी स्थापन केली. एका दुसऱ्या चर्चमधील निरुत्साही उपासनेनंतर या दांपत्याला एका पानगृहाच्या वरच्या खोलीत रात्र काढावी लागली आणि खालून येणारे हसणे-बोलणे ऐकताना, येशू आज असता तर उपासनेपेक्षा त्या गजबजाटातच अधिक रमला असता, असे त्यांना वाटले, अशी नोंद या मंडळीच्या इतिहासात आहे. त्या विचारातून १९६० मध्ये कोलंबिया रोडवर ‘द पॉटर्स हाउस’ हे कॉफीगृह उघडले. शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांच्या, वाचकाला हा विचार अपरिचित वाटणार नाही : येशू जकातदार जक्कयाच्या घरी पाहुणा म्हणून जातो, शोमरोनी स्त्रीकडे विहिरीपाशी पाणी मागतो, आणि दोन्ही प्रसंगांत संवादाची सुरुवात तो स्वतः काहीतरी मागून करतो.

कॉफीगृहाचे काम मंडळीचे सदस्य पाळीपाळीने करीत आणि दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी तेथे कप विसळत. त्यांच्या लहान गटांना ‘मिशन गट’ म्हणत. प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि बाहेरचे काम या तिन्ही गोष्टी गटाने एकत्र पेलाव्यात, अशी अपेक्षा असे. याच मंडळीतील लेखिका एलिझाबेथ ओकॉनर यांच्या पुस्तकांमुळे आतला प्रवास आणि बाहेरचा प्रवास ही जोडी पुढे अनेक देशांतील ख्रिस्ती वाचकांपर्यंत पोहोचली. ही शिस्त या उपक्रमाचा खरा कणा होती, कारण अनोळखी माणसाचे बोलणे उत्तर देण्याची घाई न करता ऐकणे हे कोणत्याही प्रवचनापेक्षा कठीण काम आहे आणि त्यासाठी ऐकणाऱ्याचे मन आधी स्वस्थ असावे लागते.

अशा ऐकण्याचा परिणाम ऐकणाऱ्यांवरच अधिक झाला. कॉफीगृह ज्या वस्तीत होते त्या ॲडम्स मॉर्गनमधील गरीब भाडेकरूंच्या घरांची दुर्दशा जसजशी कळत गेली, तसतसे केवळ सहानुभूतीवर थांबणे सदस्यांना अशक्य झाले आणि १९७३ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी ‘ज्युबिली हाउसिंग’ ही संस्था काढून ‘रिट्झ’ आणि ‘मोझार्ट’ या दोन मोडकळीस आलेल्या इमारती हाती घेतल्या. नावे ऐश्वर्याची असली तरी तेथील राहणे हलाखीचे होते. कोलंबिया हे नवे शहर वसवणारे बांधकाम व्यावसायिक जेम्स राऊस यांनी या खरेदीला मदत केली, आणि त्याच अनुभवातून त्यांनी व त्यांच्या पत्नीने १९८२ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी देशव्यापी काम करणारी एंटरप्राइज संस्था उभी केली. बेघर रुग्णांची शुश्रूषा करणारे ‘क्राइस्ट हाउस’ही १९८५ मध्ये याच मंडळीच्या परिवारातून, त्याच रस्त्यावर सुरू झाले.

तरीही एक आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागतो. मैत्रीतून सुवार्ता, म्हणजे ओळख वाढवून त्या ओळखीच्या आधारे श्रद्धा पोहोचवणे, हे तंत्र म्हणून वापरले गेले तर समोरच्या माणसाची फसवणूक होते. भारतात धर्मांतराविषयी जो संशय आहे, त्यामागे अशा फसवणुकीची भीतीही असते. आपण ख्रिस्ती आहोत आणि हे कॉफीगृह मंडळी चालवते, हे पहिल्यापासून उघड असणे, आणि समोरच्याने श्रद्धा कधीच स्वीकारली नाही तरी मैत्री तशीच टिकणे, या दोन अटी पाळल्या तरच या मार्गाला नैतिक आधार राहतो. येथे अहवालाची भाषा अडचणीची ठरते. किती जणांचा बाप्तिस्मा झाला, असे विचारणाऱ्या देणगीदाराला दहा वर्षे नियमित येणाऱ्या आणि चर्चची पायरी न चढणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब देता येत नाही, आणि तो देण्याचा प्रयत्नही होऊ नये.

दुसरी अडचण आर्थिक आहे. ॲडम्स मॉर्गनमधील भाडी गेल्या काही दशकांत भडकली असून, शहरांतील अशा वस्त्यांत झकपक कॉफीगृहे येणे हे जुन्या रहिवाशांच्या स्थलांतराचे लक्षण मानले जाते. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडलेल्या पॉटर्स हाउसला, जेथे पुस्तकांचे दुकानही आहे, याच वस्तीत टिकायचे आहे. त्यामुळे पदार्थांचे दर ठरवणे हाही तेथे मिशनकार्याचाच भाग ठरतो.