राखणीचा कुत्रा आणि शेजाऱ्याची वाट

भात निसवले, रताळ्याचे वेल पसरले की खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो आणि प्रत्येक वाडीत दोन-चार कुत्री वाढतात. ते योग्यच आहे. रात्रभर शेतात जागणाऱ्या शेतकऱ्याला कुत्र्यासारखा सोबती नाही. एक कुत्रा भुंकला की चार शिवारे जागी होतात. आपल्या संत रॉकच्या मूर्तीपाशीही तोंडात भाकरी धरलेला कुत्रा असतो, तेव्हा या प्राण्याविषयी आपल्या घरांत पहिल्यापासून माया आहे.

प्रश्न दिवस उजाडल्यावरचा आहे. रात्री मोकळा सोडलेला कुत्रा सकाळी पाणंदीच्या तोंडाशी बसलेला असतो. त्याच वाटेने दुधाची किटली घेऊन बायका डेअरीला जातात, पोरे शाळेला जातात, म्हातारी माणसे सकाळच्या मिस्सेला निघतात. कुत्रा भुंकत अंगावर येतो आणि मालक ओट्यावर बसूनच ओरडतो, "तो काही करत नाही हो, जावा तुम्ही!"

बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्या गावांतून कायमचे हद्दपार व्हायला हवे. तो मालकाला काही करत नाही, एवढेच खरे. वाटेने जाणाऱ्या पोराने त्याला भाकरी घातलेली नसते. भिऊन ते पळते, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणे हा तर कुत्र्याचा स्वभावच आहे.

निर्गमच्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम दिला आहे. बैलाने पहिल्यांदाच कोणाला शिंगांनी मारले तर बैल मारला जातो, धनी निर्दोष सुटतो. पण बैल मारका आहे हे धन्याला आधीच सांगितले होते आणि तरीही त्याने तो आवरला नाही, तर दोष धन्याच्या माथी येतो. जनावराचा स्वभाव माहीत असणे ही मोठी जोखीम आहे, हे मोशेच्या काळापासून ठरलेले आहे. "आमचा कुत्रा जरा खुनशी आहे" असे कौतुकाने सांगणाऱ्याने हा अध्याय एकदा वाचावा.

सरकारी कायद्याचे म्हणणेही फारसे वेगळे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून जो बंदोबस्त करत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अर्थात शेजाऱ्याची कोंबडी किंवा करडू मारले गेले म्हणून कोणी कोर्टात जाऊ नये. त्या दिवशीच त्याच्या दारात जाऊन किंमत विचारावी आणि घासाघीस न करता द्यावी. बांधावरची अर्धी भांडणे कोंबडीपासून सुरू झालेली असतात.

कुत्रा खुनशी का होतो? काही जातींच्या अंगात जोर जास्त असतो, हे खरे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले म्हणून एप्रिल 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. पण आपल्या वाड्यांतून चावणारा कुत्रा बहुधा विलायती नसतो. तो आपल्याच गावठी कुत्रीचे पिल्लू असतो आणि त्याला तसा आपण केलेला असतो. दिवसभर तीन हात साखळीला बांधायचे, पोरांनी खडे मारले तर हसायचे, उपाशी ठेवले की राखण चांगली करतो असे समजायचे, आणि रात्री एकदम मोकळे सोडायचे. अशा जनावराला कोण आपला, कोण परका हे कसे कळावे? त्यापेक्षा परसात दोन झाडांमध्ये जाड तार ताणावी आणि साखळीची कडी तीत अडकवावी. कुत्र्याला पंधरा-वीस हात फिरता येते, सावली मिळते आणि तो फाटकापर्यंत पोचत नाही. राखणीसाठी रात्री न्यायचा असेल तर साखळीला धरून न्यावा आणि पहाटे साखळीला धरूनच परत आणावा.

आता रेबीजविषयी, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे गाठ मरणाशी आहे. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय नाही, रोगी दगावतोच. परंतु चावल्यावर वेळेत लस घेतली तर रोग होऊ द्यायचा नाही हे आपल्या हातात असते. विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरच, तर कधी वर्ष. जखम डोक्याच्या जितकी जवळ तितका धोका लवकर. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाबरोबर असते, त्यांना चेहऱ्यावर, मानेवर चावे बसतात. शिवाय मार बसेल या भीतीने मुले चावा लपवतात. म्हणून कुत्रा चावला किंवा नुसते नख लागले तरी येऊन सांग, कोणी रागावणार नाही, असे प्रत्येक घरात मुलांना आधीच सांगून ठेवावे.

जुन्या काळी युरोपातील भाविक संत ह्युबर्टकडे धाव घेत. आजच्या बेल्जियममधील त्यांच्या मठात जात आणि त्यांच्या नावाची लोखंडी किल्ली तापवून जखमेवर डागत. त्या वेळी दुसरे काहीच हाती नव्हते. 1885 साली लुई पाश्चर यांनी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. त्यानंतर डागणी, मंतरलेला दोरा, झाडपाला यांना काही कारण उरलेले नाही. तरी आपल्याकडे अजून जखमेत तिखट, चुना, हळद भरतात, तेल लावतात. हे करू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुवावी, घड्याळ लावून. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. साधा कपडे धुण्याचा साबणही चालतो.

त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात बहुधा दंडावर कातडीत लस देतात, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक असते. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर तिच्या भोवती इम्युनोग्लोबुलिन नावाचे औषधही टोचावे लागते. ते आपण होऊन डॉक्टरांना विचारावे. टाके घालण्याची घाई करू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या धास्तीने अजून काही वडीलधारी माणसे दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात बनवणे 2004 च्या अखेरीसच बंद झाले.

चावलेला कुत्रा लगेच ठार मारू नये, लपवूही नये. त्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजते. मात्र कुत्र्याचे काय होते ते पाहू आणि मग लस घेऊ, असे कदापि करू नये. लस आधी सुरू करावी, पुढचे डॉक्टर ठरवतील. ज्याच्या कुत्र्याने हे केले त्याने जखमी माणसाला स्वतः गाडीवरून दवाखान्यात न्यावे. चारही खेपांना न्यावे.

हा रोग हटतो, हे आपल्या शेजारी गोव्याने दाखवून दिले आहे. 2013 पासून तेथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने गावोगाव फिरून घरची व रस्त्यावरची कुत्री टोचली. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हा त्यांचा हिशोब होता. एका वर्षात 95,000 हून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत त्यांची मजल गेली, आणि 2019 पर्यंत कुत्र्यांतील रेबीज 92 टक्क्यांनी घटला. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. पण चोर्ल्याच्या घाटात कुत्र्यांना कोणी अडवत नाही. आपल्या बाजूची कुत्री बिनलसीची राहिली तर त्यांच्या कष्टांवर पाणी पडेल.

गुरांचेही ऐका. पिसाळलेला कुत्रा गोठ्यात शिरून म्हशीला चावला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर काही आठवड्यांनी ती वैरण सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते. घरधन्याला वाटते, रताळे घशात अडकले असेल, आणि तो कोपरापर्यंत हात घालतो. असे कधीच करू नये. हातावर बारीकशी चीर असली तरी लाळेतून रोग शिरतो. जनावर वेगळे बांधावे, त्याचे दूध काढू नये, पशुवैद्याला बोलवावे. हात घालून झालाच असेल तर साबणाने धुऊन थेट दवाखान्यात जावे. कुत्रा चावताना दिसला असेल, तर गुरांनाही जखम धुऊन लस देता येते. तेव्हा वेळ दवडू नये.

सणाला डुक्कर किंवा बकरे कापले की पाण्याचे फोड आलेले यकृत-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची सवयही सोडावी. त्या फोडांतून कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात आणि त्यांची अंडी परसातल्या भाजीवरून, मुलांच्या हातांवरून आपल्या पोटात जातात. असे अवयव खोल पुरावेत.

राहिली पिल्ले. कुत्री व्याली की नर पिल्ले वाटली जातात आणि माद्या पोत्यात घालून बाजाराच्या कडेला, कधी कधी तर चर्चच्या कुंपणाशी सोडल्या जातात. वर्षभरात त्याच मोकाट होतात आणि मग आपणच पंचायतीकडे तक्रार नेतो. घरची कुत्री सहा-सात महिन्यांची झाली की पशुवैद्यकीय दवाखान्यात तिच्या शस्त्रक्रियेची चौकशी करावी. पिल्लू द्यायचेच असेल तर दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपाशी ठेवावे. तिसऱ्या महिन्यात पहिली लस, महिन्याने दुसरी, मग दरवर्षी एक. तारीख ध्यानात राहत नसेल तर गोठ्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवावी, म्हैस फळवल्याची तारीख लिहितो तिथेच.